गर्भपाताचा कायदा आणि अपंग मुलाच्या घराला मिळणारा आधार : आजी-आजोबांसाठी माहिती

गेल्या काही महिन्यांत वाचकांनी आम्हाला फोनवर, सिनेगॉगच्या आवारात आणि मलिद्याच्या पंगतीत जे प्रश्न विचारले, त्यांतले दोन पुन्हा पुन्हा आले. पहिला प्रश्न : नातीच्या पोटातल्या बाळात दोष असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, अशा वेळी इस्राएलचा कायदा काय म्हणतो आणि आपला धर्म काय म्हणतो? दुसरा प्रश्न : नातू इतर मुलांसारखा नाही, त्याच्यासाठी सरकारकडून काही मिळते का, आणि मिळत असेल तर ते मागावे कसे?

दोन्ही प्रश्न विचारताना बहुतेकांनी आवाज खाली आणला. आपल्या लहानपणी कोकणात आणि मुंबईत या विषयांवर मोठ्या माणसांसमोर बोलायची पद्धत नव्हती. पण आज डॉक्टरांची चिठ्ठी हिब्रूत येते, निर्णय घ्यायला दिवस थोडे असतात आणि घरातली तरुण मंडळी आजी काय म्हणेल याचाही विचार करतात. म्हणून जे आम्हाला ठाऊक आहे ते साध्या मराठीत येथे मांडत आहोत. कोणी काय निर्णय घ्यावा हे सांगण्याचा आमचा हेतू नाही. तो निर्णय त्या स्त्रीचा आहे.

कायदा काय सांगतो

इस्राएलमध्ये गर्भपाताचा आजचा कायदा १९७७ साली झाला. तो फौजदारी कायद्याचाच भाग आहे. त्याप्रमाणे गर्भपात करायचा असेल तर एका समितीची परवानगी लागते. तिला हिब्रूत ‘वादा लेहफ्साकत हेरायोन’ म्हणतात. समितीत तिघे असतात : दोन डॉक्टर, त्यांतला एक स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि एक समाजसेविका किंवा समाजसेवक, म्हणजे ओवेदेत सोत्सियालीत किंवा ओवेद सोत्सियाली. तिघांत निदान एक स्त्री असलीच पाहिजे.

समिती चार कारणांसाठी परवानगी देऊ शकते. पहिले, स्त्रीचे वय १८ पेक्षा कमी किंवा ४० पेक्षा जास्त असणे. दुसरे, गर्भ बलात्कारातून, निषिद्ध नात्यातून किंवा विवाहाबाहेरच्या संबंधातून राहिलेला असणे. तिसरे, बाळाला शारीरिक किंवा मानसिक दोष असण्याची शक्यता असणे. चौथे, गर्भ वाढू दिल्यास स्त्रीच्या जिवाला धोका होणे किंवा तिच्या शरीराला वा मनाला इजा पोहोचणे.

मूळ कायद्यात पाचवे कारणही होते : घरची कठीण परिस्थिती, म्हणजे गरिबी, फार मुले, मोडकळीला आलेला संसार. बेगिन यांच्या सरकारात सामील असलेल्या अगुदात इस्राएल पक्षाच्या आग्रहाने १९७९ च्या अखेरीस ते काढून टाकण्यात आले. त्यामुळे कायद्यात एक विचित्र गोष्ट राहून गेली आहे. अविवाहित मुलीला परवानगीसाठी कारण मिळते, पण तीस वर्षांची, विवाहित, चार मुलांची आई, जिच्या घरात महिनाअखेर पैसे उरत नाहीत, तिला कायद्याच्या चारपैकी एकही कारण सरळ लागू पडत नाही. अशा कितीतरी स्त्रिया मनाला होणाऱ्या इजेचे कारण पुढे करतात. हा कायदा बदलावा असे म्हणणारे याच मुद्द्यावर बोट ठेवतात.

प्रत्यक्षात समितीपुढे येणारे बहुतेक अर्ज मंजूर होतात. शंभरांतील अठ्ठ्याण्णव किंवा त्याहून अधिक अर्जांना परवानगी मिळते. तरी काही गोष्टी नीट ठाऊक असाव्यात.

संमती फक्त त्या स्त्रीची लागते. नवऱ्याची सही लागत नाही. नवऱ्याला यात अडवण्याचा अधिकार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्पष्ट केले. मुलगी अल्पवयीन असली तरी आईवडिलांची संमती कायद्याने बंधनकारक नाही. परवानगीशिवाय गर्भपात केल्यास गुन्हा डॉक्टरवर लागतो, स्त्रीवर लागत नाही. आणि समितीला नकार द्यायचा असेल तर आधी त्या स्त्रीला आपले म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते.

२०२२ मध्ये काय बदलले

पूर्वी स्त्रीला स्वतः समितीपुढे हजर राहावे लागे. समोर तिघे बसलेले, हातात फॉर्म, आणि फॉर्मवर असे प्रश्न की उत्तर देताना मान खाली जावी. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथला गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत इथले आरोग्यमंत्री नित्सान होरोवित्झ यांनी नवे नियम जाहीर केले आणि क्नेसेतच्या समितीने ते मंजूर केले.

या नियमांनी समिती रद्द झाली नाही, चार कारणेही तीच राहिली. पण प्रत्यक्ष हजर राहण्याची सक्ती गेली. अर्ज संगणकावरून करता येतो. समाजसेविकेशी बोलणे आता स्त्रीच्या इच्छेवर आहे. फॉर्ममधले खाजगी, अपमानकारक प्रश्न काढले गेले. गर्भ लहान असेल तेव्हा गोळ्यांनी करायचा गर्भपात कुपत खोलीमच्या दवाखान्यात करण्याची मुभाही देण्यात आली.

खर्चाचे म्हणाल तर वैद्यकीय कारण असल्यास तो सरकारी आरोग्य-टोपलीतून, म्हणजे सल हबरियुतमधून होतो. अगदी तरुण मुलींना ही सोय आधीपासून होती. २०१४ पासून २० ते ३३ वयाच्या स्त्रियांचा खर्चही त्यात आला, कारण कोणतेही असो. कामावर असलेल्या स्त्रीला गर्भपातानंतर विश्रांतीची रजा मिळते. डॉक्टरांनी दाखला दिल्यास ती सहा आठवड्यांपर्यंत वाढू शकते आणि आजारपणाची रजा म्हणून धरली जाते. सून दुसऱ्या दिवशीच कामाला निघाली असेल तर तिला हे जरूर सांगावे.

चोवीस आठवड्यांनंतर

सर्वांत कठीण प्रसंग उशिरा येतात. बाळाच्या अवयवांची सविस्तर तपासणी पाचव्या महिन्याच्या आसपास होते. काही दोष त्याही नंतर दिसतात. गर्भ चोवीस आठवड्यांचा झाल्यावर साधी समिती निर्णय घेऊ शकत नाही. ते प्रकरण वरिष्ठ समितीकडे जाते. आरोग्य मंत्रालयाने ही पद्धत १९९० च्या दशकात घालून दिली. या समितीत स्त्रीरोग विभागाचे वरिष्ठ डॉक्टर, नवजात बाळांचे डॉक्टर, आनुवंशिक रोगांचे तज्ज्ञ आणि समाजसेविका असतात. दोष किती गंभीर आहे, तो नक्की आहे की नुसती शंका आहे, गर्भ किती आठवड्यांचा आहे, हे सारे ते तोलतात.

इस्राएलच्या कायद्यात आठवड्यांची शेवटची मर्यादा लिहिलेली नाही. पुष्कळ देशांत ती आहे. म्हणून अशा वेळी घरात घाबरून, एका रात्रीत काही ठरवू नये. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला आणि अनुवंशतज्ज्ञांचा सल्ला घ्यायला वेळ असतो. पण आठवडे वाढतात तशी समिती अधिक कडक होते, हेही खरे. म्हणून तपासणीच्या तारखा पुढे ढकलू नयेत.

धर्म काय म्हणतो

आपल्या कित्येक वाचकांना हा प्रश्न कायद्यापेक्षा मोठा वाटतो. एवढे निश्चित सांगता येते की हलाखात गर्भाला जन्मलेल्या माणसाएवढे स्थान नाही, आणि तरीही गर्भपात ही हलकी गोष्ट मानलेली नाही.

मिश्नात, ओहालोतच्या सातव्या अध्यायात, अडलेल्या बाळंतिणीचा प्रसंग आहे. तिचा जीव धोक्यात असेल तर गर्भाआधी तिला वाचवावे, कारण तिचे जीवन आधी येते. बाळाचा बराचसा भाग बाहेर आल्यावर मात्र दोघे समान, मग एकासाठी दुसऱ्याला हात लावू नये. तालमुदात यवामोत या भागात पहिल्या चाळीस दिवसांचा गर्भ पाण्यासारखा समजलेला आहे. रंबाम यांनी आईच्या जिवावर उठलेल्या गर्भाची तुलना पाठलाग करणाऱ्या मारेकऱ्याशी केली आहे. आईचा जीव वाचवण्याबद्दल म्हणून फारसा मतभेद नाही.

मतभेद आहे तो दोष असलेल्या गर्भाबद्दल. विसाव्या शतकात दोन मोठ्या रब्बींनी उलट उत्तरे दिली. यरुशलेमचे रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग, ज्यांचा ‘त्सित्स एलिएझर’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे, यांनी ताय-सॅक्स रोगाच्या बाबतीत सातव्या महिन्यापर्यंतही परवानगी दिली. या रोगाचे बाळ जन्मानंतर काही महिन्यांनी खंगू लागते आणि चार-पाच वर्षांत जाते. आईवडिलांच्या आणि बाळाच्या यातना ध्यानात घ्याव्यात असे त्यांचे म्हणणे. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी त्याच रोगाच्या बाबतीतही ठाम मनाई केली. दोघेही थोर पंडित, दोघांनाही मानणारे लोक आजही आहेत.

यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. धर्माचे मत हवे असेल तर आपल्या रब्बींना भेटावे, आणि डॉक्टरांचे कागद बरोबर न्यावेत, कारण उत्तर त्या विशिष्ट रोगावर आणि आठवड्यांवर अवलंबून असते. मात्र नात स्वतः विचारत नसेल तर तिच्या वतीने आपण विचारून आणलेले उत्तर तिच्यावर लादू नये.

तपासणीच्या वेळी ‘आम्ही बेने इस्राएल’ हे सांगावे

आपला समाज अनेक शतके कोकणातल्या थोड्या गावांत राहिला. आपसांत, पुष्कळदा नात्यातच लग्ने झाली. अशा लहान समाजात काही आनुवंशिक दोष पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ते अश्केनाझी, इराकी किंवा मोरोक्कन ज्यूंमधल्या दोषांपेक्षा वेगळे असू शकतात. आईवडील दोघेही निरोगी असतात, पण दोघांकडे एकाच दोषाचे बीज असेल तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला तो रोग होण्याची शक्यता चारांत एक असते.

अशा तपासण्यांत कुटुंबाचा मूळ देश महत्त्वाचा ठरत आला आहे. आता नातवंडांची लग्ने सर्व समाजांत होतात आणि नाव-आडनावावरून काही कळत नाही. अशा वेळी माहिती फक्त आजी-आजोबांकडे असते : कोणते घराणे, अलिबागकडचे की पेणकडचे, आजोबा-आजी मामे-आत्ये भावंडे होती का, लहानपणी गेलेले एखादे मूल कशाने गेले, घरात कोणाला कमी दिसत किंवा कमी ऐकू येत असे का. हे लिहून काढावे आणि लग्न ठरल्यावरच नातीला द्यावे. बाळ राहण्याआधी केलेली तपासणी सर्वांत उपयोगी, कारण मग पुढचे कित्येक कठीण निर्णय टळतात.

आणि एक गोष्ट मनातून काढून टाकावी. ग्रहण पाळले नाही म्हणून, दृष्ट लागली म्हणून, सुनेने काही खाल्ले म्हणून डाऊन सिंड्रोम होत नाही. तो एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आल्याने होतो. यात सुनेचा दोष नाही आणि मुलाचाही नाही.

न्यायालयाने काय म्हटले

या ठिकाणी आमच्या मते फार महत्त्वाचा असा एक निकाल सांगतो. तपासणीत डॉक्टरांनी चूक केली आणि दोष असलेले मूल जन्मले तर त्या मुलाने स्वतः ‘मी जन्मलोच नसतो तर बरे’ म्हणून नुकसानभरपाई मागावी का? १९८६ साली इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने असा दावा मान्य केला होता. पुढे पंचवीस वर्षे अशा खटल्यांची संख्या वाढत गेली.

मे २०१२ मध्ये हामेर विरुद्ध अमित या प्रकरणात न्यायालयाने मोठ्या पीठापुढे सुनावणी करून तो मार्ग बंद केला. मुख्य निकालपत्र उपाध्यक्ष न्यायमूर्ती एलिएझर रिव्हलिन यांचे होते. अपंगत्व घेऊन जगण्यापेक्षा न जगणे चांगले, असे म्हणायला न्यायालयाने नकार दिला. पण त्याच निकालात आईवडिलांचा हक्क कायम ठेवला : डॉक्टरांच्या निष्काळजीपणामुळे जो जादा खर्च येतो तो आईवडील मागू शकतात, मूल मोठे झाल्यानंतरचा खर्चही त्यात धरता येतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की आता दावा फक्त आईवडिलांचा, आणि साधारणपणे त्याची मुदत मुलाच्या जन्मापासून सात वर्षे. पूर्वी मूल स्वतः पंचवीस वर्षांचे होईपर्यंत दावा करता येत असे. कोणाच्या घरात अशी शंका असेल तर वकिलाला विचारायला उशीर करू नये.

आम्हाला या निकालातली दोन वाक्ये एकत्र लक्षात ठेवावीशी वाटतात. अपंग मुलाचे जीवन कमी किमतीचे नाही. आणि ते मूल वाढवायला पैसा, माणसे आणि वेळ लागतो. पहिले मान्य करून दुसरे विसरले, तर तो भार आईच्या एकटीच्या डोक्यावर येतो.

मूल घरी आल्यावर : कोणते हक्क आहेत

सर्वांत आधी बितुआख लेउमी. अपंग मुलासाठी दरमहा भत्ता असतो, त्याला ‘गिमलत येलेद नाखे’ म्हणतात. मूल १८ वर्षे ३ महिन्यांचे होईपर्यंत तो मिळू शकतो. आईवडिलांचा पगार किती, हे यात पाहिले जात नाही. म्हणून ‘आमचे बरे चालले आहे, आम्हाला मिळणार नाही’ असे समजून बसू नये. डाऊन सिंड्रोम, ऑटिझम, दृष्टी किंवा श्रवणाचे गंभीर दोष, रोजच्या कामांत दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागणे, अशा अनेक स्थिती त्यात येतात. रक्कम अपंगत्वाच्या टप्प्याप्रमाणे ठरते. एका घरात अशी दोन मुले असतील तर वाढीव रक्कम मिळते.

मागचा भत्ता जास्तीत जास्त बारा महिन्यांचाच मिळतो. मूल तीन वर्षांचे झाल्यावर अर्ज केला तर मधली दोन वर्षे गेली ती गेलीच. अर्ज नाकारला गेला तर पत्रात अपील करण्याची मुदत दिलेली असते, ती पाळावी. पहिल्या नकाराने खचून जाणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. अपिलात नवे वैद्यकीय कागद जोडले की निर्णय बदलू शकतो. बितुआख लेउमीची ‘याद मेखावेनेत’ नावाची मोफत मार्गदर्शन केंद्रे आहेत, तिथे अर्जाआधी विचारता येते.

दुसरे, आयकर. अशा मुलाच्या आईवडिलांना दोन जादा ‘नेकुदोत झिकुय’ मिळू शकतात, म्हणजे करात सूट. मागच्या सहा वर्षांचा जादा भरलेला करही परत मागता येतो. कामावर असलेल्या आईवडिलांना मुलाच्या उपचारासाठी वाढीव रजेचाही हक्क आहे.

तिसरे, लहान बाळाची पाळणाघरे. २००० सालच्या कायद्याप्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या अपंग बाळाला ‘माओन योम शिकुमी’त जागा मिळण्याचा हक्क आहे. तिथे सांभाळण्याबरोबर व्यायाम, बोलण्याचे शिक्षण, हाताच्या कामाचे शिक्षण असे उपचारही होतात. मुलाच्या विकासाबद्दल शंका आली की आधी तिपत खलावच्या नर्सला सांगावे, ती विकास-केंद्राकडे पाठवते. ‘मुलगे उशिरानेच बोलतात’ म्हणून वाट पाहू नये. पहिल्या तीन वर्षांत मिळालेला उपचार सर्वांत जास्त फळ देतो.

चौथे, शाळा. १९८८ च्या विशेष शिक्षण कायद्याने ३ ते २१ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१८ च्या दुरुस्तीने मोठा बदल झाला : मूल विशेष शिक्षणाला पात्र आहे की नाही हे समिती ठरवते, पण विशेष शाळेत घालायचे, साध्या शाळेतल्या विशेष वर्गात की मदतनीसासह साध्या वर्गात, हे निवडण्याचा हक्क आईवडिलांचा आहे. मदतनीस बाईला ‘सायाआत’ म्हणतात, हा शब्द नातवाच्या घरी तुम्ही ऐकला असेल.

पाचवे, विसावा. समाजकल्याण खात्यामार्फत मुलाला काही दिवस सांभाळणारी ठिकाणे असतात, त्यांना ‘नोफशोन’ म्हणतात. आईवडिलांनी मुलाला तिथे ठेवून दोन दिवस झोप काढली तर त्यांनी मुलाला टाकले असे होत नाही. यासाठी नगरपालिकेच्या समाजकल्याण कचेरीत फाइल उघडावी लागते.

सरकारखेरीज संस्थाही आहेत. बौद्धिक अपंगत्वासाठी १९५१ पासून काम करणारी अकीम, ऑटिझमसाठी आलुत, शारीरिक अपंगत्वासाठी इलान. यरुशलेममध्ये अलिन रुग्णालय आणि शाल्वा, रआनानात बेत इस्सी शापिरो. चाकाची खुर्ची, पलंग, श्वासाची यंत्रे हवी असतील तर १९७६ साली सुरू झालेल्या याद साराच्या शाखा देशभर आहेत आणि ठेव घेऊन वस्तू वापरायला देतात. बितुआख लेउमीत वृद्धांसाठी सल्ला देणारा स्वयंसेवकांचा विभागही आहे. आपल्यासारख्यांना तिथे विचारायला संकोच वाटत नाही.

अठरा वर्षांनंतर काय?

‘आम्ही गेल्यावर याचे कोण पाहील?’ हा प्रश्न प्रत्येक अशा घरात असतो. मूल १८ वर्षे ३ महिन्यांचे झाले की त्याचा भत्ता थांबतो आणि मोठ्या माणसांच्या अपंगत्व पेन्शनसाठी नवा अर्ज करावा लागतो. तो वाढदिवसाच्या आधीच तयार ठेवावा.

पूर्वी अशा मुलाला अठरा झाले की जवळपास आपोआप ‘अपोत्रोपोस’, म्हणजे पालक, नेमला जाई आणि त्याच्या सहीला काही किंमत उरत नसे. २०१६ साली कायदा बदलला. आता अपंग व्यक्तीला निर्णय स्वतः घेण्यासाठी मदत करणारा माणूस नेमता येतो. तो समजावून सांगतो, कागद वाचून दाखवतो, पण निर्णय तिचाच राहतो. पालक नेमणे हा शेवटचा उपाय धरला जातो. राहण्यासाठी गावातल्याच घरात दोघे-चौघे मिळून देखरेखीखाली राहण्याची सोयही आहे. तिची यादी लांब असते, म्हणून वेळेवर नाव घालावे. आजी-आजोबांनी अशा नातवासाठी काही ठेवायचे असेल तर वकिलाच्या सल्ल्याने मृत्युपत्रात स्पष्ट लिहावे. तोंडी सांगितलेले पुढे भावंडांत वाद लावते.

ठाणे-मुंबईच्या नातेवाइकांसाठी

पुष्कळांची भाची-पुतणी अजून तिकडे आहेत, म्हणून थोडक्यात. भारतात गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला. त्यात वीस आठवड्यांची मर्यादा होती. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक दांपत्य आले होते. बाळाच्या हृदयातला दोष मर्यादा उलटल्यावर कळला होता, आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. तेव्हापासून देशभर चर्चा सुरू झाली. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवडे झाली, आणि गर्भात गंभीर दोष असल्यास सरकारी वैद्यकीय मंडळाच्या मताने त्यानंतरही परवानगी मिळू शकते. अपंगांच्या हक्कांसाठी २०१६ चा कायदा आहे, त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे.

आपण काय करावे

कायद्याने पैसे मिळतात, शाळा मिळते. पण मुलाची आई शुक्रवारी संध्याकाळी कुठे जाते, हे कायदा ठरवत नाही. अशा घरांना लग्नाची आमंत्रणे कमी होत जातात, हे आपण सर्व जाणतो. कोणी मुद्दाम टाळत नाही. ‘त्यांना त्रास नको’ असे म्हणून टाळले जाते. त्यांना बोलावावे, मुलालाही बोलावावे, आणि मूल मध्येच ओरडले तर जेवण चालू ठेवावे.

शब्दही सांभाळावेत. ‘खुळा’, ‘येडा’, ‘बिचारा’ हे शब्द मुलाला कळत नाहीत असे आपण समजतो. त्याच्या बहिणीला ते नक्की कळतात. आणि जिने गर्भपाताचा निर्णय घेतला तिला ‘देवाने दिले ते घ्यायला हवे होते’ म्हणू नये. जिने मूल ठेवले तिला ‘आधी कळले नव्हते का?’ असे विचारू नये. दोघींनाही तो प्रश्न आयुष्यभर पुरतो.

मदत लहान असली तरी चालते. आठवड्यातला एक ठरलेला दुपारचा वेळ मुलाजवळ बसणे, औषधांची वही लिहिणे, बितुआख लेउमीच्या रांगेत सुनेबरोबर उभे राहणे, भावंडांना बागेत नेणे. हिब्रू अडते म्हणणाऱ्या आजीनेही मुलाशी मराठीत बोलावे. आजीचा ओळखीचा आवाज आणि तिची गाणी मुलाला हवी असतात.

राहिली लाज. हक्क मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे, हे आपल्या पिढीला कोणी शिकवायला नको. १९६० च्या दशकात आपल्या ज्यूपणाबद्दल शंका घेतली गेली, लग्ने लावायला अडवले गेले. तेव्हा आपलीच माणसे यरुशलेमच्या रस्त्यावर बसली आणि १९६४ साली आपला पूर्ण दर्जा मान्य करवून उठली. ज्यांनी तेव्हा स्वतःसाठी मागितले, त्यांनी आज नातवासाठी एक फॉर्म भरायला मागे-पुढे पाहू नये.

भत्त्यांच्या रकमा दर वर्षी जानेवारीत बदलतात आणि नियमही बदलतात. म्हणून येथे रकमा दिलेल्या नाहीत. अर्ज करण्याआधी बितुआख लेउमीच्या शाखेत किंवा कुपत खोलीमच्या समाजसेविकेकडे ताजी माहिती विचारावी. वाचून झाल्यावर हा अंक मुलीच्या किंवा सुनेच्या घरी नेऊन ठेवावा. तिला मराठी वाचता येत नसेल तर जेवणानंतर शेजारी बसून वाचून दाखवावा.